घरातली अडगळ ऑनलाइन हर्रासीत कशी विकावी: नवख्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

मराठवाड्यात लिलावाला आजही हर्रास म्हणतात. वाळूघाटाची हर्रासी, बाजार समितीच्या गाळ्यांची हर्रासी हे शब्द आपल्या कानांवरून नेहमी जातात, आणि मोंढ्यात माल नेलेल्या प्रत्येकाने धान्याच्या ढिगाभोवती चढत जाणारी बोली कधी ना कधी ऐकलेली असते. त्यामुळे ऑनलाइन लिलाव ही आपल्याला वाटते तितकी परकी गोष्ट नाही. फरक एवढाच की तिथे खरेदीदार मूठभर दाणे तळहातावर घेऊन पारखतो, आणि इथे त्याला वस्तूला हात लावता येत नाही. त्यामुळे हाताने होणारी सगळी पारख आपल्याला फोटो आणि वर्णन यांतून त्याच्यापर्यंत पोहोचवावी लागते.

मोंढ्यातली आणखी एक गोष्ट नवख्या विक्रेत्याने लक्षात ठेवावी. ढिगापाशी तो माल खरोखर हवा असलेले किमान दोन व्यापारी उभे असतील तरच भाव चढतो. एकटाच उभा असेल तर पहिली बोली हीच शेवटची ठरते. परभणीतले आमचे माळवदाचे जुने घर उतरवायचे ठरले तेव्हा हे मला ठाऊक असूनही मी विसरलो. कपाटापासून कुलरपर्यंत जे दिसेल ते मी लिलावाला काढले, आणि लोखंडी कपाटावर आठ दिवसांत एकही बोली आली नाही. पुढे त्याच घरातल्या एका मनगटी घड्याळासाठी तीन अनोळखी माणसे रात्री साडेनऊपर्यंत चढाओढ करत होती. म्हणून या लेखात पुढे जे जे सांगितले आहे, त्यातील बहुतेक सल्ले एका प्रश्नापाशी येऊन थांबतात: या वस्तूसाठी दोन गरजू कुठे भेटतील?

आधी वाटणी करावी

सगळ्या वस्तू एकदा ओसरीवर मांडून त्यांचे तीन वाटे करावेत. पहिल्या वाट्यात नेहमीच्या वापराच्या, कुठेही मिळणाऱ्या आणि अवजड वस्तू येतात: कपाट, पलंग, सोफा, कुलर, शिलाई मशीन, मुलांची सायकल. यांचा भाव सर्वांना साधारण माहीत असतो, आणि गाडीभाड्यामुळे त्यांचा गिऱ्हाईक गावातच किंवा फार तर शेजारच्या तालुक्यात असतो. अशा वस्तू ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस किंवा गल्लीच्या व्हॉट्सअॅप गटावर ठरावीक किंमत सांगून विकाव्यात. त्यांची हर्रासी करण्यात वेळ जातो. इथे किमतीपेक्षा हंगाम महत्त्वाचा असतो. मराठवाड्यात कुलर मार्चमध्ये विकायला काढला तर दोन दिवसांत जातो. मृगाचा पाऊस पडल्यावर तोच कुलर निम्म्या किमतीलाही कोणी उचलत नाही. फवारणीचा पंप पेरणीच्या आसपास काढावा, स्पर्धा परीक्षांची पुस्तके जाहिरात निघाल्याबरोबर काढावीत.

दुसऱ्या वाट्यात त्या वस्तू येतात ज्यांचा नेमका भाव आपल्याला सांगता येत नाही, पण ज्यांचे शौकीन देशभर विखुरलेले आहेत आणि ज्या टपालाने पाठवता येतात. चावीची जुनी घड्याळे, शाईची पेने, फिल्मचे कॅमेरे, व्हॉल्व्हचे रेडिओ, ग्रामोफोनच्या तबकड्या, टपालतिकिटे, नाणी आणि जुने स्टॅम्पपेपर ही त्यांची ठळक उदाहरणे. हर्रासी करायची ती यांचीच. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे इथल्या जुन्या घरांच्या संदुकांत अशा काही वस्तू निघतात ज्या पुण्या-मुंबईकडच्या घरांत सहसा निघत नाहीत: हाली सिक्क्याची, म्हणजे संस्थानाच्या स्वतःच्या चलनाची नाणी, संस्थानाची तिकिटे, उर्दू मजकुराचे स्टॅम्पपेपर. आजोबांच्या बटव्यातल्या चार नाण्यांना सराफ चांदीच्या वजनाचा भाव देईल. संग्राहक मात्र नाण्यावरचे साल, अक्षर आणि झीज पाहून भाव करतो, आणि तो त्याहून पुष्कळ वेगळा असू शकतो.

तिसरा वाटा न विकण्याच्या वस्तूंचा. त्यासाठी कायद्याची थोडी माहिती हवी.

काय विकू नये

पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार १०० वर्षांहून जुनी कलावस्तू, नाणे, शिल्प इत्यादी पुरावस्तू ठरते. ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा शास्त्रीय मोल असलेल्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, त्यामुळे परदेशातून कितीही मोठी बोली आली तरी ती नाकारावी. पुरावस्तूंचा व्यापार करायचा असेल तर परवाना लागतो, आणि जुनी शिल्पे, चित्रे व सचित्र पोथ्या यांना नोंदणीची अट आहे. देवघरातली पिढीजात मूर्ती किंवा माळ्यावरची चित्रांची पोथी विकण्याचा विचार असेल तर आधी पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयात चौकशी करावी. घराचा पाया खणताना काही सापडले तर तो सरळ वेगळा विषय आहे: भूमीत दडलेले १० रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. ते संदुकातल्या नाण्यांत मिसळून विकणे हा गुन्हा आहे.

वाघनख, हस्तिदंताची डबी, सांबरशिंग, कातडे या वस्तू आजोबांच्या काळापासून घरात असल्या तरी वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे विकता येत नाहीत. तलवार, जंबिया, जुनी बंदूक यांचे फोटोसुद्धा विक्रीसाठी टाकू नयेत. आपल्याकडे अनेक घरांत दसऱ्याला पूजेसाठी एखादे हत्यार निघते. ते पूजेपुरतेच राहू द्यावे.

हर्रासी कुठे मांडावी

भारतात सामान्य माणसाच्या ऑनलाइन लिलावाची सवय बाझी डॉट कॉम या संकेतस्थळाने लावली. अमेरिकेत १९९५ मध्ये सुरू झालेल्या ईबेने ते २००४ मध्ये विकत घेतले. ईबेचे भारतीय संकेतस्थळ ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाले. ईबेच्या आंतरराष्ट्रीय संकेतस्थळावर भारतातून आजही विकता येते. पण तो निर्यातीचा मार्ग आहे, त्याला आयात-निर्यात क्रमांकासह बरीच कागदपत्रे लागतात, आणि चार वस्तू विकायच्या असलेल्या घरगुती विक्रेत्याने त्या वाटेला जाऊ नये असे माझे मत आहे.

नवख्यासाठी दोन मार्ग उरतात. पहिला म्हणजे फेसबुक आणि व्हॉट्सअॅपवरचे संग्राहकांचे गट. नाण्यांचे, तिकिटांचे, घड्याळांचे, पेनांचे असे वेगवेगळे गट असतात. विक्रेता फोटो, वर्णन, सुरुवातीची किंमत आणि बोली संपण्याची वेळ टाकतो, आणि सदस्य त्याखाली आकडे लिहीत जातात. गटात शिरल्याबरोबर वस्तू मांडू नये. निदान दोन-तीन आठवडे नुसते वाचावे. कोण नेहमी बोली लावतो, कोण बोली लावून पैसे देत नाही, गटचालक तंटा कसा सोडवतो, हे सगळे तिथे उघड दिसते. दुसरा मार्ग लिलावगृहांचा. मुंबईचे टोडीवाला ऑक्शन्स, बेंगळुरूचे मरुधर आर्ट्स यांसारखी नाण्यांची लिलावगृहे लोकांकडून वस्तू घेऊन लिलावात मांडतात आणि विक्रीवर आपले कमिशन कापतात. वस्तू खरोखर दुर्मिळ असल्याचा संशय असेल तर हा मार्ग धरावा. साध्या वस्तूंसाठी तो परवडत नाही, आणि ती मंडळीही त्या घेत नाहीत.

भाव कसा काढावा

नवखा विक्रेता इथे हमखास फसतो, कारण तो मागितलेल्या किमती पाहतो. एखाद्याने साध्या रुपयाच्या नाण्याला पाच लाख मागितले म्हणजे ते पाच लाखांना विकले गेले असे नव्हे. मोंढ्यात शेतकरी मनात काय भाव धरून आला याला अर्थ नसतो, विक्रीच्या हिशोबपट्टीवर काय लिहिले गेले तेच खरे. म्हणून संपलेल्या लिलावांतले शेवटचे आकडे शोधावेत. ईबेवर न विकताही तिथले विकले गेलेल्या वस्तूंचे भाव गाळणी लावून पाहता येतात, लिलावगृहे जुन्या लिलावांचे निकाल आपापल्या संकेतस्थळांवर ठेवतात, आणि गटांतल्या जुन्या नोंदी चाळता येतात. आपल्यासारख्याच वस्तूचे, त्याच अवस्थेतले, किमान चार-पाच निकाल मिळाले की एका वहीत सर्वांत कमी, सर्वांत जास्त आणि मधला असे तीन आकडे लिहून ठेवावेत.

अवस्थेतला फरक नीट समजला नाही तर हे आकडे निरुपयोगी ठरतात, म्हणून दोन उदाहरणे जवळून पाहू.

हाली रुपयाच्या एका बाजूला चारमिनार असतो, आणि त्याच्या मधल्या कमानीत एक उर्दू अक्षर. ते ‘मीम’ असेल तर नाणे १९११ मध्ये वारलेल्या मीर महबूब अली खान यांच्या काळातले. ‘ऐन’ असेल तर मीर उस्मान अली खान यांच्या. साल हिजरी सनात उर्दू अंकांत असते. हिजरी १३३७ म्हणजे इसवी सन १९१८-१९. चांदीच्या पूर्ण रुपयाचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम भरते, त्यामुळे सराफाच्या काट्यावर ते एकदा करून घ्यावे आणि वर्णनात द्यावे. हे चलन १९५९ पर्यंत चालले, त्यामुळे काही नाणी शंभरीच्या अलीकडची आहेत आणि काही पलीकडची; वर सांगितलेला कायदा इथे साल वाचूनच लावावा लागतो. आणि एक गोष्ट कृपा करून करू नये: नाणे चिंच, राख, लिंबू किंवा भांडी घासण्याच्या पावडरीने उजळू नये. तांब्याचे घंगाळ चिंचेने लख्ख केल्यावर शोभते, पण घासलेल्या नाण्यावरचे बारीक ओरखडे संग्राहकाला पहिल्याच फोटोत दिसतात आणि बोली तिथेच बसते. माझ्या काकूंनी प्रेमाने अकरा नाणी घासून ठेवली होती. ती शेवटी चांदीच्या वजनानेच गेली.

दुसरे उदाहरण घड्याळाचे. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बेंगळुरूला घड्याळांचे उत्पादन सुरू केले, आणि ही घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ मध्ये घेतला. त्यानंतर तिच्या चावीच्या घड्याळांना, विशेषतः पायलट आणि जनता या प्रकारांना, शौकीन वाढले. सोबत बाजारात तबकडी नव्याने रंगवलेली घड्याळेही खूप आली. म्हणून खरेदीदाराचा पहिला प्रश्न तबकडी मूळ आहे का हाच असतो. वडिलांच्या मनगटावर पन्नास वर्षे राहिलेले, थोडे पिवळट पडलेले घड्याळ हे गावातल्या दुकानात ‘नवीन करून’ घेतलेल्या घड्याळापेक्षा जास्त भावाला जाते. तेव्हा विक्रीआधी त्याला दुरुस्तीला नेण्याचा मोह टाळावा.

जुन्या रेडिओबाबत एक सावधगिरी. वीस-तीस वर्षे बंद असलेला व्हॉल्व्हचा रेडिओ चालतो का हे पाहण्यासाठी थेट वीज लावू नये. आतले कॅपॅसिटर खराब झालेले असतात आणि ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. ‘तपासलेला नाही’ असे लिहून विकलेला रेडिओ जळलेल्या रेडिओपेक्षा केव्हाही बरा.

फोटो

फोटोसाठी महागडा कॅमेरा लागत नाही. सकाळी आठ-नऊच्या सुमारास ओसरीवर किंवा खिडकीशी, थेट ऊन न पडणाऱ्या जागी वस्तू ठेवावी. फ्लॅश बंद ठेवावा. खाली एकरंगी, बिनचमकीचा कपडा किंवा कागद असावा. मी पहिल्यांदा घड्याळ आईच्या इरकली लुगड्यावर ठेवून फोटो काढले. दोघांनी घड्याळ सोडून लुगड्याची किंमत विचारली.

समोर, मागे, बाजू, आतला भाग, जिथे नाव किंवा क्रमांक कोरलेला आहे ती जागा, आणि प्रत्येक दोषाचा जवळून एक फोटो, असे किमान आठ फोटो हवेत. आकार कळण्यासाठी एका फोटोत पट्टी ठेवावी. एका फोटोत वस्तूशेजारी आपले नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवली तर वस्तू खरोखर आपल्या हातात आहे याची खात्री पटते, कारण दुसऱ्याचे फोटो उचलून टाकणारे पुष्कळ आहेत. काचेत आपला चेहरा, मागे घराची पाटी किंवा गाडीचा क्रमांक येऊ देऊ नये, आणि फोनच्या कॅमेऱ्यातली ठिकाण नोंदवण्याची सोय बंद करावी.

वर्णन

वर्णनात ‘एकदम मस्त’, ‘दुर्मिळ’, ‘अँटिक पीस’ असे शब्द लिहिले की जाणकार सरकून जातो. त्याला मोजमाप आणि दोष हवे असतात. मी वडिलांच्या घड्याळासाठी लिहिलेला मजकूर नमुन्यादाखल देतो:

‘एचएमटी पायलट, चावीचे मनगटी घड्याळ, काळी तबकडी. एकाच घरात वापरलेले. पूर्ण चावी दिल्यावर चालते. एका दिवसात सुमारे तीन मिनिटे मागे पडते. काचेवर सहाच्या आकड्याजवळ एक ओरखडा आहे, चौथा फोटो पाहावा. मागच्या झाकणाच्या कडेला उघडल्याच्या खुणा आहेत. पट्टा मूळ नाही. आमच्या माहितीत तबकडी बदललेली नाही, पण जुन्या दुरुस्तीची कागदपत्रे नसल्याने हमी देता येत नाही. डबी आणि बिल नाही. सुरुवात ५०० रुपये, प्रत्येक बोली किमान ५० रुपयांनी वाढवावी. बोली रविवारी रात्री ९ वाजता बंद; शेवटच्या ५ मिनिटांत बोली आल्यास ५ मिनिटे वाढतील. टपालखर्च खरेदीदाराचा. पैसे ४८ तासांत.’

यातले ‘तीन मिनिटे मागे पडते’ हे वाक्य लिहू नये असे घरातल्या सर्वांचे म्हणणे होते. प्रत्यक्षात त्या एका वाक्यामुळे घड्याळ चालते यावर लोकांचा विश्वास बसला, आणि एकाने तसे कळवलेही.

सुरुवातीची किंमत, वाढ आणि वेळ

वहीतल्या तीन आकड्यांचा उपयोग आता होतो. वस्तूचे शौकीन पुष्कळ आहेत असे दिसले तर सुरुवात सर्वांत कमी आकड्याच्याही खाली ठेवावी. स्वस्त सुरुवातीमुळे माणसे गोळा होतात आणि एकदा बोली लावलेला माणूस सहजी मागे हटत नाही. शौकीन मोजके असतील तर मात्र हा जुगार खेळू नये. ज्याखाली विकल्यास आपल्याला वाईट वाटेल तोच आकडा सुरुवातीला ठेवावा. काही ठिकाणी राखीव किंमत ठेवता येते, म्हणजे बोली तिथवर न पोहोचल्यास विक्री बंधनकारक राहत नाही; पण छुपी राखीव किंमत लोकांना खटकते, त्यापेक्षा उघड सुरुवात बरी.

ईबेसारख्या संकेतस्थळांवर आणि अनेक लिलावगृहांत कमाल बोलीची पद्धत असते, ती समजून घ्यावी. समजा सुरुवात ५०० आणि वाढ ५० रुपयांची आहे. एकाने आपली कमाल मर्यादा १,२०० नोंदवली आणि दुसऱ्याने ९००. यंत्रणा पहिल्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवते, आणि वस्तू पहिल्याला ९५० रुपयांना जाते. म्हणजे आपल्याला मिळणारी किंमत पहिल्या माणसाच्या हौसेवर नव्हे, तर दुसऱ्या माणसाच्या तयारीवर ठरते. दोन गरजू लागतात ते याचसाठी.

बोली पाच ते सात दिवस चालू ठेवावी आणि रविवारी रात्री आठ ते दहाच्या दरम्यान संपवावी. बहुतेक बोल्या अखेरच्या काही मिनिटांतच येतात, म्हणून वेळ वाढण्याचा नियम आधीच लिहिलेला असावा. पगाराचा पहिला आठवडा चांगला. लक्ष्मीपूजनाची किंवा गौरी-गणपतीची रात्र वाईट. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो, तेव्हा त्या संध्याकाळी फोन पूर्ण चार्ज असावा आणि दुसऱ्या कंपनीचे सिम असलेला एखादा फोन जवळ असावा.

बोली चालू असताना आलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर सर्वांना दिसेल असे द्यावे. ‘आत्ता संपवा, इतके देतो’ असा खासगी निरोप हमखास येतो. तो बहुधा वस्तू खरी मोलाची असल्याची खूण असतो, आणि एकदा बोली लागल्यावर मध्येच विक्री करणे हे बोली लावणाऱ्यांवर अन्यायाचेही आहे. मेहुण्याला किंवा मित्राला खोटी बोली लावायला बसवणे सर्वत्र निषिद्ध आहे. एकच नाव दर वेळी आपल्याच वस्तूंवर दिसले की गटातले लोक ते ओळखतात आणि बाहेरचा रस्ता दाखवतात.

पैसे

पैसे आधी, वस्तू नंतर, हा नियम नात्यातल्या माणसासाठीसुद्धा मोडू नये. यूपीआयने पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही आणि समोरच्याने पाठवलेला क्यूआर कोड स्कॅनही करावा लागत नाही. हे दोन्ही पैसे देण्यासाठी असते. सैन्यात असल्याचे सांगणारा, वस्तू न पाहता घासाघीस न करता पूर्ण किमतीला तयार होणारा आणि लगेच क्यूआर कोड पाठवणारा माणूस ठकसेन समजावा. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे, आणि एसएमएससुद्धा बनावट असतो. आपल्या बँकेच्या अॅपमध्ये शिल्लक वाढलेली दिसली तरच पैसे आले असे धरावे. ‘चुकून जास्त पाठवले, उरलेले परत करा’ ही युक्तीही याच माळेतली. फसवणूक झालीच तर विनाविलंब सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी, कारण पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.

जुन्या नोटा-नाण्यांबाबत वेगळा इशारा द्यायला हवा. ‘तुमच्याकडे अमुक नोट असेल तर लाखो रुपये मिळतील, आधी नोंदणी शुल्क भरा’ अशा जाहिराती रिझर्व्ह बँकेच्या नावाने फिरतात. आपण असा कोणताही व्यवहार करत नाही आणि त्यासाठी शुल्कही घेत नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे. विक्रेत्याने विकण्यासाठी आगाऊ पैसे भरायचे, हे कुठल्याच हर्रासीत होत नाही.

जुना मोबाइल विकताना आतली माहिती पुसण्याआधी गुगल खाते आणि बँकेची अॅप काढून टाकावीत, मग फॅक्टरी रीसेट करावे; उलट क्रमाने केल्यास फोन नव्या मालकाकडे जुन्या खात्याचा पासवर्ड मागत राहतो. सिम आणि मेमरी कार्ड काढावे, आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळखक्रमांक, लिहून ठेवावा आणि खरेदीदाराला बिलाची प्रत द्यावी.

करांबाबत थोडक्यात: वापरलेले फर्निचर, कपडे, भांडी अशा घरगुती वस्तू प्राप्तिकराच्या दृष्टीने भांडवली मालमत्ता ठरत नाहीत. दागिने, चित्रे, शिल्पे आणि पुरातन संग्रह मात्र त्यात येतात, तेव्हा मोठी रक्कम आल्यास सनदी लेखापालाला विचारावे.

बांधणी आणि पाठवणी

माझी सर्वांत मोठी चूक इथे झाली. रेडिओ मी एकाच खोक्यात, चारही बाजूंना वर्तमानपत्रांचे बोळे कोंबून, एका खासगी कुरिअरने पाठवला. दोनशे किलोमीटरच्या प्रवासात बोळे चेपून खाली बसले, रेडिओ आत हलत राहिला आणि स्टेशनांची नावे छापलेली काच तडकली. कुरिअरवाल्यांनी बांधणीकडे बोट दाखवले, आणि खरे सांगायचे तर ते चुकीचे नव्हते. निम्मे पैसे परत करावे लागले.

आता मी खोक्यात खोके ठेवतो. वस्तूला बबलशीटचे तीन-चार वेढे, मग ती घट्ट बसेल असे आतले खोके, आणि त्याच्या सर्व बाजूंनी किमान पाच सेंटीमीटर भरण ठेवून बाहेरचे जाड खोके. बंद केल्यावर हलवून पाहावे. आतून आवाज आला तर पुन्हा उघडावे. कडबा किंवा भुसा भरण म्हणून वापरू नये, त्यात ओल आणि कीड असते. पावसाळ्यात आतल्या खोक्याला प्लॅस्टिकची पिशवी हवीच. नाणी दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये, एकमेकांवर घासणार नाहीत अशी बसवावीत आणि चिकटपट्टी नाण्याला लागू देऊ नये. लिथियम बॅटरीच्या वस्तू पाठवण्याआधी काउंटरवर विचारावे, कारण हवाई वाहतुकीत त्यांवर निर्बंध आहेत.

बांधणीचा, न थांबवता केलेला एक व्हिडिओ ठेवावा. त्यात वस्तू, तिचा क्रमांक आणि शेवटी पत्ता चिकटवलेले खोके सलग दिसावे. लहान वस्तूंसाठी मी टपाल खात्याचे स्पीड पोस्ट वापरतो. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये त्यातच विलीन झाले आहे. मोठे पण हलके खोके असेल तर कुरिअरवाले लांबी, रुंदी आणि उंची यांच्या गुणाकारावरून वजन धरतात, म्हणून टपालखर्च खोके बांधून, मोजून मगच खरेदीदाराला सांगावा. आधी अंदाजाने सांगितलेल्या खर्चात पदरचे पैसे जातात. नांदेड, लातूर, जालन्यासारख्या जवळच्या गावांसाठी एसटीची पार्सल सेवाही विचारून पाहावी.

नंतर

वस्तू पोहोचल्याची खात्री करावी आणि तक्रार आली तर वर्णन, फोटो आणि व्हिडिओ समोर ठेवून बोलावे. लपलेला दोष आपल्याकडून खरोखर सांगायचा राहिला असेल तर वाद न घालता पैसे परत करावेत. संग्राहकांचे गट लहान असतात आणि नाव लवकर पसरते.

जिंकणाऱ्याने ४८ तासांत पैसे दिले नाहीत तर एक आठवण द्यावी, मग दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला त्याच्याच शेवटच्या बोलीवर वस्तू देऊ करावी. त्याच्यावर वाढीव आकड्याचा आग्रह धरू नये, कारण पहिला माणूस खोटा होता तर त्याने चढवलेला भावही खोटाच होता. दुसराही नको म्हणाला तर वस्तू महिनाभर बाजूला ठेवावी आणि मग नवे फोटो काढून, सुरुवात थोडी खाली आणून, पुन्हा एकदाच मांडावी. तिसऱ्यांदा तीच वस्तू तिथेच दिसली की लोक ती पडून असल्याचे समजतात. अशा वेळी गट बदलावा किंवा ठरावीक किंमत लावून मोकळे व्हावे. आमचे लोखंडी कपाट शेवटी गल्लीतल्या शिंप्याने नेले, अठराशे रुपयांना, आणि न्यायला हातगाडी त्याचीच होती.